दहा किलोमीटरचं वर्तुळ

उमरेडच्या रस्त्याला कोळशाचे ट्रक लागले की दोन्ही बाजूंच्या झाडांचा रंग उतरतो. डिसेंबरात तिथलं सागाचं एखादं पान हातात घेऊन अंगठा फिरवून पाहा. पानावर हिरवीगार रेघ उमटते आणि अंगठा काळा होतो. सागाचं पान खरखरीत. त्याच्या लवेत बसलेली धूळ वाऱ्यानं जात नाही, पावसाचीच वाट बघावी लागते. तोवर पानाला ऊन कमी मिळतं, आणि काळ्या थरामुळे ते तापतं मात्र जास्त.

पानावरची धूळ खरवडून तोलता येते. त्याच झाडाखालून रात्री जे जनावर जातं, त्याचं काय आणि किती बिघडलं हे कुठल्या तराजूत घालायचं?

नागपूरकरांना हा प्रश्न परका नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय शहरात आहे. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, पूर्वेला मौदा अशी औष्णिक वीज केंद्रं आहेत. आणि याच शहरातून सकाळी निघून पेंच, बोर, ताडोबा, नागझिरा किंवा उमरेड-कऱ्हांडला गाठता येतं. कोळसा आणि वाघ शेजारी-शेजारी असणं हा आपल्या भूगोलाचा भाग आहे. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतली झाडं गाडली जाऊन इथला गोंडवन कोळसा तयार झाला. या थरांवरच्या वालुकाश्मांना भूगर्भशास्त्रात नावच कामठीचं आहे, इतकी ही गोष्ट घरची.

खाण किंवा वीज केंद्र सुरू करण्याआधी पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावं लागतं. सध्याची पद्धत सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेतून आली. ढोबळमानानं सांगायचं तर प्रकल्पाभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ आखतात. त्यातली हवा, पाणी, माती, आवाज मोजतात आणि झाडं-प्राण्यांची यादी करतात. अहवालाच्या भाषेत खाणीची जागा म्हणजे ‘कोअर झोन’ आणि भोवतालचा पट्टा म्हणजे ‘बफर झोन’. व्याघ्र प्रकल्पाची ओळख असलेल्या माणसाला हे वाचताना गंमत वाटते, कारण इथल्या कोअरमध्ये वाघ नाही, डंपर फिरतो. यादीत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी निघाला, तर त्याच्यासाठी वेगळा संवर्धन आराखडा द्यावा लागतो. म्हणजे यादीत कोण आलं आणि कोण राहिलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे साधारण १८९ चौरस किलोमीटरचं. तेव्हा क्षेत्र लहान आहे अशी तक्रार करता येणार नाही. गाडं अडतं ते वेळेवर. मूळ स्थितीची पाहणी बहुतेक वेळा एकाच हंगामात, तीही पावसाळा सोडून होते. हवेतली धूळ मोजायला हे ठीकच आहे, पावसात धूळ असते कुठे! पण जंगलाचा अर्धा संसार पावसाळ्यात मांडलेला असतो. नवरंग पक्षी जूनच्या आसपास येतो आणि इथं घरटं करतो. बेडूक, कासवं, कित्येक साप तेव्हाच बाहेर असतात. मे महिन्यात केलेल्या यादीत ते नसतात, आणि यात यादी करणाऱ्याची लबाडी असेलच असं नाही.

एका निवृत्त वनरक्षकाबरोबर मी त्या भागातला एक नाला दोन-तीनदा चाललो आहे. मी मे महिन्यातल्या नोंदी वाचून दाखवल्या तेव्हा ते हसले. “उन्हाळ्यात सारे पान्यावर येतेत, ते तर कोनालेही दिसतेत. पोळ्याले या जी, मंग लिहा.”

त्यांच्या बोलण्यामागे आजच्या परिसंस्थाशास्त्रातला एक महत्त्वाचा विचार आहे. प्राणी न दिसणं आणि प्राणी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर आकड्यात मांडता येतं. समजा, एका ओढ्याकाठी खवले मांजर आहेच. ते निशाचर, लाजरं, दिवसभर बिळात. एका रात्रीच्या पाहणीत ते सापडण्याची शक्यता १० टक्के धरू. मग तीन रात्री जागूनही ते हाती न लागण्याची शक्यता ७३ टक्के. दहा रात्री काढल्या तरी ३५ टक्के. तीन रात्रींनंतर ‘आढळले नाही’ असं लिहिणारा खोटं बोलत नाही. पण ‘आढळले नाही’चा ‘नाही’ झाला की गडबड होते, आणि अहवालाचा सारांश लिहिताना तो सहज होतो.

२००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी यावर एक संख्याशास्त्रीय रीत मांडली. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं आणि कितव्या फेरीत काय दिसलं याची नोंद ठेवायची. त्यावरून नजरेतून निसटण्याची शक्यता काढायची आणि मग प्राणी खरोखर किती जागांवर असावा याचा अंदाज बांधायचा. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), विष्ठेतला डीएनए, ठसे, यांतल्या कशावरूनही हे करता येतं. यंत्रं महाग नाहीत. फेऱ्या महाग पडतात, आणि मंजुरीची घाई असलेल्या माणसाकडे नेमक्या फेऱ्यांनाच वेळ नसतो. माझं मत विचाराल तर यादीच्या प्रत्येक ओळीपुढे ‘किती रात्री शोधलं’ हा रकाना सक्तीचा करावा. त्या एका रकान्यानं निम्मे अहवाल उघडे पडतील.

वर्तुळाची दुसरी अडचण आहे जागा बदलणाऱ्या प्राण्यांची. जय नावाचा वाघ विदर्भाला आठवतच असेल. नागझिऱ्यात जन्मलेला हा नर २०१३ मध्ये शेतं, रस्ते, नद्या ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात आला. पुढे त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसली, आणि २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला तो झालाच. तरुण नर असेच निघतात. बापाच्या हद्दीत त्यांना थारा नसतो, आणि त्यांच्या या भटकंतीमुळेच ताडोबा, नागझिरा, पेंच इथल्या वाघांचं रक्त एकमेकांत मिसळत राहतं. असा वाघ एखाद्या खाणीजवळच्या पळसाच्या झुडपांतून वर्षात दोनच रात्री जाईल. त्या खाणीच्या अहवालात ‘वास्तव्य नाही’ असं येईल आणि ते खरंही असेल. पण वाट बंद झाली तर पलीकडच्या अभयारण्याचं बेट होतं. एक खाण वाट बंद करत नाही. एक खाण, तिचा रेल्वे फाटा, मातीचे डोंगर, चौपदरी रस्ता आणि शेजारची दुसरी खाण मिळून ती बंद करतात. प्रत्येकाचं वर्तुळ वेगळं, प्रत्येकाचा आघात ‘मर्यादित’, आणि बेरीज करायची जबाबदारी कुणाचीच नाही.

बेरजेचा एक प्रयत्न झाला होता. २००९-१० मध्ये देशातल्या नऊ कोळसाक्षेत्रांचे, वर्धा खोरं धरून, ‘गो’ (इथं खाण चालेल) आणि ‘नो-गो’ (इथं नको) असे नकाशे तयार झाले. आधी सगळं जंगल एका कागदावर मांडायचं, मग खाण कुठे ते ठरवायचं, असा उलटा आणि शहाणा क्रम त्यात होता. तो कायद्यात काही उतरला नाही. त्याच सुमारास ताडोबाच्या उंबरठ्यावरचा लोहारा कोळसापट्टा मात्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं थांबवला.

आता राखेकडे येऊ. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेनं चालले तर दिवसाला पावणेपाच कोटी युनिट वीज होते. युनिटमागे ६०० ग्रॅम कोळसा धरला तर साडेअठ्ठावीस हजार टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखच तिसरा हिस्सा भरते, म्हणजे रोज साडेनऊ हजार टन राख. काही सिमेंटला आणि विटांना जाते, उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि ती राख कोलार आणि कन्हान नद्यांत गेली.

राखेनं पाणी गढूळ होतं, ते सगळ्यांना दिसतं. त्यातलं सेलेनियम हे जास्त झालं की विषारी ठरणारं मूलद्रव्य दिसत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात बेल्यूज नावाच्या तलावात १९७४ पासून वीज केंद्राच्या राखतळ्याचं पाणी सोडलं जात होतं. पाण्यात सेलेनियम अगदी थोडं होतं, पण शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत जाताना ते साचत गेलं. मोठे मासे पोहत होते, खात होते, धडधाकट दिसत होते. सेलेनियम त्यांच्या अंड्यांत उतरत होतं, आणि पिल्लं वाकड्या कण्याची निघत होती किंवा मरत होती. काही वर्षांत तिथल्या बहुतेक माशांच्या जाती संपल्या. एका दिवसात जाळं टाकून मासे मोजणाऱ्याला पहिल्या वर्षी सगळं छान वाटलं असतं. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकाला राखेचं तळं म्हणजे उथळ पाणथळच वाटतं, हेही इथं लक्षात ठेवायला हवं.

‘खाणीवर पुन्हा जंगल उभं केलं’ हे वाक्य मला दरवेळी अडवतं. उपसलेल्या मातीच्या डोंगरांवर झाडं लावतात, आणि उपग्रहाच्या चित्रात तो डोंगर हिरवा दिसतो. उपग्रहाला हिरवेपणा कळतो. सुबाभूळ की मोह, हे मात्र त्याच्या साध्या आकड्यातून कळत नाही. अस्वलाला मोह लागतो, वारूळ लागतं. सुपीक वरची माती बाजूला काढून ठेवतात खरी, पण ती वर्षानुवर्षं ढिगात पडून राहिली की तिच्यातलं बी आणि मुळांशी राहणारी बुरशी मरत जाते.

आणि कधी कधी प्राणी दिसतो, तरीही ती चांगली बातमी नसते. चंद्रपूर वीज केंद्राच्या आवारात आणि दुर्गापूरच्या खाणींभोवती वेड्या बाभळीचं रान माजलं आहे. तिथं रानडुकरं आहेत, मोकाट गुरं आहेत, म्हणून वाघ-बिबटे आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं. नुसती मोजदाद केली तर तिथं वाघ ‘आहेत’ एवढंच कळेल. ते तिथं निवडीनं आले की हाकलले जाऊन, पिल्लं जगतात की नाही, हे कळायला वर्षं लागतात.

वनरक्षकांच्या सांगण्यावरून आम्ही पोळ्याच्या आठवड्यात त्या नाल्यावर दोन कॅमेरे बांधले. काळ्या मातीत दुचाकी रुतली, तिला ढकलण्यातच सकाळ गेली. बारा रात्रींनंतर कार्ड काढलं. गाईंचे पाय, पाऊस, गाईंचे पाय, हलणारी फांदी, एक मुंगूस. नवव्या रात्री सव्वादोनला चित्राच्या डाव्या कोपऱ्यात कुणाचं तरी शेपूट आहे, जाड आणि धूसर. ते म्हणतात खवले मांजर. मला उदमांजर वाटतं. आमचं अजून एकमत झालेलं नाही.