एफएपीची जनुकीय चाचणी: आधी रक्त कोणाचे द्यावे?

मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या लहान गाठी) आढळून फॅमिलियल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस, म्हणजेच एफएपी, असे निदान झाले की अनेक कुटुंबे सर्वप्रथम निरोगी मुलांना आमच्या प्रयोगशाळेत घेऊन येतात. या आजारात पॉलिप बहुधा किशोरवयातच दिसू लागतात आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो. त्यामुळे पालकांची ही घाई आम्हाला समजते. तरीही आम्ही मुलांचे रक्त आधी घेत नाही. आधी रुग्णाचे रक्त हवे.

एफएपी पाचव्या गुणसूत्रावरील एपीसी या जनुकातील दोषामुळे होतो. हे जनुक लांबलचक असून त्यातील शेकडो निरनिराळे दोष आजवर नोंदले गेले आहेत. रुग्णाच्या रक्तात आपल्या कुटुंबातील नेमका दोष सापडला, की नातेवाइकांमध्ये तेवढीच जागा तपासावी लागते. खर्च कमी येतो आणि उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट मिळते. रुग्णाला वगळून केलेल्या चाचणीत मुलाचा अहवाल ‘दोष आढळला नाही’ असा आला, तर मुलाकडे तो आलाच नाही, की तो या चाचणीच्या कक्षेबाहेरचा किंवा एमयूटीवायएचसारख्या दुसऱ्या जनुकातील आहे, हे कोणालाही सांगता येत नाही. अशा अहवालावर विसंबून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, टाळणे आम्हाला फार धोक्याचे वाटते, आणि शेवटी रुग्णाची चाचणी करावी लागतेच. पैसे व वेळ दोन्ही वाया जातात.

रुग्ण हयात नसल्यास रुग्णालयात जपून ठेवलेला बायोप्सीचा ब्लॉक (तपासणीसाठी काढलेला, मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) काही वेळा उपयोगी पडतो. तो मागवण्यासाठीचे पत्र आम्ही देतो. आई-वडिलांना आजार नाही म्हणून एफएपी नसेलच, असेही समजू नये, कारण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये दोष नव्याने उद्भवलेला असतो. त्यांच्याही प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते.

वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करावयाच्या दुर्बिणीच्या तपासणीतून दोष नसलेले मूल मोकळे होते, आणि आमच्या मते या चाचणीचे खरे मोल त्यातच आहे. नमुन्यापूर्वी आणि अहवालानंतर समुपदेशक आपल्याशी सविस्तर बोलतात. त्याचे वेगळे शुल्क नाही. येताना रुग्णाचा कोलोनोस्कोपी व बायोप्सीचा अहवाल आणि शक्य असल्यास स्वतः रुग्णाला सोबत आणावे.