मदिन्याचा खंदक म्हणजे भुईकोटाचा खंदक नव्हे

६२७ मध्ये मक्केचे कुरैश (पैगंबर मुहंमदांची विरोधक टोळी) मदिन्यावर चालून आले, त्या लढाईबद्दल "मदिन्याभोवती खंदक खणला" हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता राहवत नाही. भोवती नव्हताच हो तो!

घोळ कुठून होतो ते कळतं. खंदक हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतूनच आलाय आणि तो ऐकला की नगरचा भुईकोट डोळ्यासमोर येतो. तो खंदक तुम्हाला माहितीये, तटाला चारही बाजूंनी वेढा, शत्रूची शिडी आणि सुरुंग तटापर्यंत पोचू नयेत म्हणून. म्हणजे खरं संरक्षण तटाचं, खंदक त्याच्या मदतीला.

मदिन्याला तटच नव्हता. हा फरक डोक्यात बसला की बाकीचं आपोआप कळतं. पूर्वेला आणि पश्चिमेला लाव्हाचे काळे, खडबडीत पट्टे, त्यावरून घोडदळ दौडवणं अशक्य, दक्षिणेकडे खजुराच्या बागा आणि दाटीने बांधलेली घरं. मोकळी होती ती उत्तर, म्हणून खणलं फक्त तिकडेच. पाणीबिणी काही नाही, कोरडा चर.

आणि तो खणला मुख्यतः घोड्यांसाठी. ६२५ मध्ये मदिन्याजवळच्या उहुदला मुसलमान कुरैशांशी शहराबाहेर जाऊन लढले होते, पाठीशी डोंगर होता आणि शेजारच्या टेकडीवर ५० तिरंदाज. लढाई जिंकली असं वाटून त्यातले बहुतेक लुटीसाठी खाली उतरले आणि तेव्हा कुरैशांकडून लढणाऱ्या खालिद बिन वलीदचं घोडदळ मागून घुसलं. सत्तरेक माणसं गेली, पैगंबरांचे काका हमजाही त्यातच. दोन वर्षांनी कुरैशांचा सरदार अबू सुफियान दहाएक हजारांची फौज घेऊन आला, इकडे तीन हजार, तेव्हा पैगंबरांचे इराणी साथीदार सलमान फारसींनी इराणातली ही युक्ती सुचवली. पैगंबर स्वतः माती वाहत होते, पोट धुळीने माखलेलं.

पायी माणूस चरात उतरून पलीकडे चढू शकतो, पण वर लोक धनुष्य घेऊन उभे, त्यांच्या पाठीशी सल्अ टेकडी. म्हणजे तटाच्या जागी माणसं होती, रात्रंदिवस पहारा देणारी, आणि मला विचाराल तर या लढाईतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कुरैशांच्या अम्र बिन अब्द वुद्दने एका अरुंद जागी घोडा उडवून चर ओलांडला. भुईकोट असता तर समोर तट लागला असता, इथे समोर पैगंबरांचे जावई अली आले आणि त्यांनी त्याला द्वंद्वात मारलं.

वेढा तीनेक आठवडे चालला. उहुदच्या वेळी कुरैशांची जनावरं शेतातल्या उभ्या पिकावर चरली होती, या खेपेला पीक आधीच कापून घरात आणलेलं, त्यामुळे घोड्यांना चारा नाही, त्यात कडाक्याची थंडी आणि सोसाट्याचा वारा. एका रात्री तंबू उखडले आणि सकाळी पलीकडे कोणीच नव्हतं.