म्हातारा गळा आणि काळी दोन

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत ऑर्केस्ट्रा होता. अर्धी गाणी मराठी, अर्धी कन्नड, आमच्याकडं असतात तशी. मुख्य गायक सत्तरीला टेकलेले. एकेकाळी बेळगावपासून निपाणीपर्यंत गणपतीत त्यांना सुपारी असायची. दुसऱ्या गाण्याच्या ऐन अंतऱ्यात साउंडवाल्याची लाइन ट्रिप झाली. स्टेजवरचे दिवे जनरेटरवर होते, ते चालूच राहिले. माइक बंद पडला तरी पुढच्या दोन रांगांना नुसता गळा ऐकू यायला हवा. इथं सगळंच गप्प. ओठ मात्र अर्धी ओळ पुढं गेले आणि मग थांबले.

शेजारी बसलेले मामा म्हणाले, "ट्रॅकवर म्हणूलालाय की रे!" म्हणजे आधी भरून ठेवलेल्या आवाजावर नुसते ओठ हलवत होते.

तेव्हा मलाही राग आला होता. नंतर स्वरयंत्राबद्दल थोडं वाचलं आणि तो बराचसा निवळला. पूर्ण नाही.

स्वरतंतू हे नाव फसवं आहे. ते तंबोऱ्याच्या तारांसारखे नसतात. कंठात समोरासमोर दोन घड्या असतात, पुरुषांत साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब, बायकांत त्याहून आखूड. आत स्नायू, त्यावर ताण सोसणारा लवचीक पदर आणि सगळ्यात वर जेलीसारखा मऊ थर. खालून हवेचा दाब आला की त्या उघडमीट करतात. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून, गाणारा पुरुष तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर पोचतो, तेव्हा ही उघडमीट सेकंदाला सुमारे ३११ वेळा होते.

वय झालं की आतला स्नायू झिजतो. घड्या बारीक होतात, मध्ये किंचित वाकतात आणि मिटल्या तरी पूर्ण मिटत नाहीत. दार लोटून घेतलं तरी मधे फट राहावी तसं. त्या फटीतून हवा निसटते, आवाजात हवा मिसळते आणि तेवढ्याच जोराचा सूर लावायला जास्त श्वास लागतो. नेमका तोच कमी पडतो, कारण बरगड्यांचा पिंजरा ताठरतो आणि पूर्ण श्वास सोडल्यावरही छातीत अडकून राहणारी हवा वयाबरोबर वाढते. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला, अशी गत. घड्याळ लावून एका दमात सरळ 'आ' म्हणून बघा. निरोगी तरुण माणूस साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो. घरातल्या आजोबांना म्हणायला लावा, फरक लगेच कळेल.

वरच्या सुरांचं दुखणं वेगळं. तार सप्तकात जायचं तर स्वरयंत्राच्या कूर्चा एकमेकींवर कलून घड्यांना ताणतात. या कूर्चा वयाबरोबर हाडासारख्या कडक होत जातात, ओलावा देणाऱ्या ग्रंथी मंदावतात. मग तरुणपणी सहज लागणारा स्वर धक्का देऊन काढावा लागतो. लांब स्वरावरचा कंप एरवी सेकंदाला पाच ते सात वेळा असतो, तो संथ आणि रुंद होतो. त्यालाच आपण 'आवाज थरथरतो' म्हणतो. गंमत अशी की पुरुषांचा बोलण्याचा आवाज म्हातारपणी थोडा बारीक होतो आणि बायकांचा पाळी गेल्यावर जड होतो. फोनवर आजोबा बोलतात की आजी, हे कधी कधी कळत नाही ते त्यामुळं.

यातलं काहीच फक्त आपल्याकडचं नाही. १० फेब्रुवारी २००६ ला तुरीनच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्यात इटलीचे ऑपेरागायक लुचानो पावारोत्तींनी त्यांचं सगळ्यात गाजलेलं ऑपेरागीत म्हटलं आणि जगानं डोळे पुसले. दोन वर्षांनी त्यांचे संगीत संचालक लिओने माजिएरा यांनी लिहिलं की ते आधीच ध्वनिमुद्रित केलं होतं. वाद्यवृंदही नुसता वाजवल्यासारखं करत होता. वय ७०, रात्रीची थंडी, तब्येत ढासळलेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्यावर स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. मला तरी त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

पण ऑपेराची एक अडचण आपल्याला नाही. तिथं गाणं कुठल्या स्वरात, हे रचनाकार कागदावर लिहून गेलेला असतो. आपल्याकडं षड्ज कुठल्या पट्टीत धरायचा, हे गाणारा ठरवतो. काळी दोनचा पांढरी एक केला, म्हणजे तीन स्वरस्थानं खाली आलं, की तोच तार षड्ज ३११ ऐवजी २६२ कंपनांवर लागतो. घड्यांवरचा ताण तेवढा उतरतो. राग तोच, बंदिश तीच. हुबळीच्या गंगूबाई हंगलांचा आवाज तारुण्यात घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खर्जात उतरला. त्यांनी तो वर ओढत बसण्यापेक्षा तिथंच घर केलं आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या मैफलीत गायल्या. आमच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तर ऐन तरुणपणी क्षयानं पाच-सहा वर्षं अंथरुणावर होते, एक फुप्फुस जवळपास गेलं. १९५३ मध्ये ते पुन्हा गायला बसले आणि छोट्या छोट्या, चपळ स्वरवाक्यांचं गाणं उभं राहिलं. सगळं श्रेय फुप्फुसाला देणं अन्याय होईल, पण श्वास केवढा आहे हे ओळखून गाणं म्हणजे काय, ते तिथं ऐकू येतं.

गावच्या भजनातही हीच सोय असते. बुवा थकले की पेटीवाला न सांगता पट्टी उतरवतो, आणि चढी ओळ टाळकरी झेलतात.

लॅपटॉपवरच्या ट्रॅकमध्ये नेमकी ही सोय जाते. नुसत्या वाद्यांच्या ट्रॅकची पट्टी आज मोबाईलवरही बदलता येते. पण ज्यात गायकाचा तीस वर्षांपूर्वीचा आवाजच भरलेला आहे, त्याचं काय? सूर दुरुस्त करणारं यंत्रही आहे. १९९७ मध्ये आलेलं ऑटो-ट्यून हे तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं गणित करणाऱ्या अँडी हिल्डब्रँड यांचं काम. ते घसरलेला स्वर जागेवर बसवतं, पण श्वास कुठून आणणार?

कोण खरं गातंय हे मागच्या रांगेतून डोळ्यांनी ठरवू नका, असं मी आता मामांना सांगतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. ५० मीटरवर बसलात तर ओठ हलल्यावर सुमारे ०.१५ सेकंदानं शब्द पोचतो, म्हणजे खरा गाणाराही खोटा वाटेल. शिवाय डोळे कानांना फसवतात: 'बा' ऐकवून 'गा' म्हणणारे ओठ दाखवले तर अनेकांना 'दा' ऐकू येतं, हे १९७६ मध्येच प्रयोगात दिसलं. त्यापेक्षा माइकच्या अंतराकडं बघा. अंतर दुप्पट झालं की आवाज ठळकपणे पडायला हवा. 'प', 'भ' म्हणताना फुस्स व्हायला हवं. ट्रॅकमध्ये हे होत नाही.

त्या रात्री लाइन यायला पाऊण तास लागला. तोवर कुणीतरी देवळातली पेटी आणली. गायक स्टेजच्या काठावर बसले, पेटीवाल्याला खालची पट्टी धरायला सांगितली आणि एक अभंग म्हणाले. मधे दोनदा दम लागला, एकदा कडवं विसरले. पुढच्या चार-पाच रांगांनाच ऐकू आलं. मागून "मोठ्यानं!" अशी हाक येत राहिली, पण मामा ऐकत होते.

मग लाइट आली. लॅपटॉपवाल्यानं तेच गाणं पहिल्यापासून लावलं, मूळ पट्टीत.