मशीन नवी घेतली म्हणजे धंदा पुढं जातो? नाही हो

आपल्या मराठवाड्यात लई वर्षांपासून बोलतात, ज्याच्याकडं भांडवल जास्त अन् मशीन नवी, तोच मार्केट मारणार. हे अर्धवट आहे. पैसे टाकून जे कुणालाही मिळतं त्याच्या जोरावर किती दिवस पुढं राहणार, शेजारचा पण कर्ज काढून तीच मशीन आणतो ना! अमेरिकेतले मॅनेजमेंटचे प्राध्यापक जे बार्नी (Jay Barney) यांनी 1991 मध्येच मांडलंय की धंद्यात कायम पुढं राहायचं तर हातातलं साधन उपयोगाचं, दुर्मिळ अन् नक्कल करायला अवघड पाहिजे.

जालन्याचं बियाणं बघा, बद्रीनारायण बारवाले साहेबांनी 1964 ला महिको ही बियाण्याची कंपनी तिथंच सुरू केली. संकरित कापसाचं बी म्हणजे संध्याकाळी मादी म्हणून धरलेल्या झाडाच्या कळीतले पुंकेसर हातानं काढायचे, सकाळी नर म्हणून धरलेल्या झाडाचे परागकण लावायचे, एकेका फुलाला, थोडी हयगय झाली की शुद्धता गेली. हे जीव लावून करणारे शेतकरी अन् त्यांचा कंपनीवरचा भरवसा कुठल्या शोरूमला मिळतो सांगा?

मॅनेजरचं खरं काम इथं आहे, पेमेंट वेळेवर, तपासणीला जाणकार माणूस, बांधावरची तक्रार त्याच आठवड्यात वर पोचणं. खर्च वाचवायला पहिल्यांदा हाच तपासणीवाला कमी करतात, हे मला अजिबात पटत नाही.