संघांतर आणि चाहत्यांचा रोष

आवडता खेळाडू संघ सोडून गेला, त्यातून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, की चाहत्याला आपणच फसवले गेलो असे वाटते. पुण्यातील क्रीडाजीवनाच्या संदर्भात या भावनेचा विचार येथे केला आहे. ‘पक्षांतर’च्या चालीवर बनलेला ‘संघांतर’ हा शब्द छापण्यापुरता. कट्ट्यावर ‘फुटला’, ‘गद्दार निघाला’ असेच म्हणतात आणि फारच जिव्हारी लागले तर थेट सूर्याजी पिसाळाचे नाव निघते. (रायगडाच्या फितुरीचा त्याच्यावरचा ठपका कितपत खरा, यावर वाद आहे. संघ सोडणाऱ्या खेळाडूंचेही बहुधा तसेच.)

खेळाडूचा करार संघमालकाशी असतो, चाहत्याशी कसलाच नसतो. तरी रोष चाहत्यालाच येतो, कारण त्याने खेळाडूला ‘आपण’मध्ये धरलेले असते. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणण्याकडे झुकतात आणि सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालतात. मराठीत तर ‘आम्ही’हून वेगळे, ऐकणाऱ्यालाही पोटात घेणारे ‘आपण’ आहे. त्यातून कोणी उठून गेला की जागा रिकामी दिसते.

पुण्याला हे तालमींमुळे जुनेच परिचयाचे. तिथे निष्ठा वस्तादाशी. पैलवानाने तालीम बदलली, तर तो कुठे गेला यापेक्षा वस्तादांना सांगून, पाया पडून गेला की न सांगता, हे आधी विचारले जाते. पाया पडून गेलेल्याला पुढे कुस्ती मारल्यावर जुन्या तालमीतूनही शाबासकी मिळते. व्यावसायिक लीगने नेमकी हीच सोय काढून घेतली. लिलावात बोलीची पाटी संघाच्या हातात असते आणि पाया पडायला कोणी वस्ताद नसतो.

प्रो कबड्डीतील पुणेरी पलटणचा डावा कोपरा, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाचा गडी, पाहावा. २०२२ च्या हंगामात तिथे इराणचा फझल अत्राचली होता, कर्णधारही तोच. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. पुढच्या लिलावात फझल गुजरातकडे गेला आणि पलटणने २.३५ कोटी रुपयांना दुसरा इराणी आणला, मोहम्मदरेझा शादलुई. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकावा आणि कोपऱ्यातून त्याच्या घोट्यावर झडप पडावी, हा खेळ पुन्हा सुरू झाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. फझलसाठी कोण हळहळतो तेव्हा?

ऑगस्ट २०२४ मध्ये शादलुई पुन्हा लिलावात आला आणि २.०७ कोटींना गेला, तोही त्याच हरियाणाकडे. पुढे २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून करंडक उचलला. तो सामना झाला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात, म्हणजे पलटणच्या अंगणात. नियमाने पाहता इथे कोणी कोणाला फसवले नव्हते. पण पाठीवर नाव छापून घेतलेल्या नारिंगी जर्सीचे काय करायचे, हे नियमात लिहिलेले नसते. अक्षरे नखाने खरवडली तरी कापडावर त्यांची सावली राहते.

क्रिकेटमध्ये, म्हणजे आयपीएलमध्ये, पुणे बहुधा दुसऱ्या बाजूला, खेळाडू ज्याच्याकडे येतो त्या बाजूला, उभे राहिले. कोलकात्याने न घेतलेला सौरव गांगुली २०११ मध्ये पुणे वॉरियर्सकडे आला. कोलकात्याच्या चाहत्यांचा राग गांगुलीवर नव्हता, आपल्याच संघावर होता. ५ मे २०१२ रोजी तो पुण्याचा कर्णधार म्हणून ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा घरचे प्रेक्षक दुभंगले. याउलट हार्दिक पंड्या गुजरात टायटन्स सोडून मुंबईला परतला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा २०२४ मध्ये अहमदाबाद आणि वानखेडे दोन्हीकडे त्याची हुर्यो उडाली. सोडलेले घर आणि आलेले घर, दोन्ही नाराज! फुटबॉलपटू लुईश फिगो २००० मध्ये बार्सिलोनातून रेआल माद्रिदला गेल्यावर बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर डुकराचे मुंडके फेकले गेले होते. त्यामानाने हुर्यो सौम्यच.

महेंद्रसिंग धोनी २०१६ मध्ये पुण्याच्या नव्या आयपीएल संघाचा, रायझिंग पुणे सुपरजायंट्सचा, कर्णधार होता. पुढच्या वर्षी नेतृत्व स्टीव्ह स्मिथकडे गेले, संघ अंतिम सामना एका धावेने हरला आणि दोन वर्षांची मुदत संपून विसर्जित झाला. २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर हलवले गेले. त्यामुळे धोनी पुण्यात परतला तो चेन्नईच्या पिवळ्या जर्सीत, मागोमाग चेन्नईहून खास रेल्वेने आलेले त्याचे चाहते.

पुणेकराला खेळाडूपेक्षा संघच अधिक वेळा सोडून गेले आहेत. फुटबॉलमधला एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीत खेळत होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) या स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादला गेली. गद्दार म्हणायला इथे एकही गडी हाताशी नव्हता. कोणाला म्हणायचे हे ठरेपर्यंत, २०२२ मध्ये, हैदराबादने विजेतेपदही मिळवले.