रसग्रहण म्हणजे अलंकारांची यादी नव्हे

‘जितके अलंकार मोजाल, तितके गुण,’ असे साताऱ्या-सांगलीत बारावीच्या मुलांना वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते चूक आहे. इंग्रजीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण 4 गुणांचे. त्यात आशय, शैली आणि स्वतःचे मतही हवे.

सरोजिनी नायडूंची विणकरांवरची ‘इंडियन वीव्हर्स’ ही कविता घ्या. पहाटे विणलेले बाळाचे वस्त्र खंड्याच्या पंखासारखे निळे, तिन्हीसांजेची राणीची लग्नातली ओढणी मोरपिसासारखी जांभळी-हिरवी, गार चांदण्यातले कफन पिसासारखे, ढगासारखे पांढरे. शेवटी रंगच उरत नाही! उपमा हे काम करते, आणि नुसते ‘उपमा आहे’ लिहिल्याने नेमके तेच निसटते. पाठ केलेली यादी तर कडवे बदलले की फसतेच.

आधी ओळ उतरवा, मग अलंकाराचे नाव, मग त्याने काय साधले ते एका वाक्यात.