फरक मोजणाऱ्या चिपलाही जमीन आणि छत असतं

डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे दोन तारांमधला फरक मोजणारी चिप, आणि कॉमन मोड म्हणजे दोन्ही तारांवर सारखंच येणारं व्होल्टेज. "कॉमन मोडचं काय टेन्शन, तो तर कॅन्सलच होतो" हे वाक्य इंजिनिअरिंगच्या पोरांकडून आणि हौशी सर्किटवाल्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. होतो ना कॅन्सल, पण कुठपर्यंत?

डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक मोठा करतो आणि दोन्ही तारांवर सारखंच जे येतं, म्हणजे घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण वगैरे, ते सोडून देतो. दोन्ही तारांची सरासरी म्हणजे कॉमन मोड. लिफ्टमधे उभ्या दोघांच्या उंचीतला फरक कुठल्याही मजल्यावर तोच राहतो, पण लिफ्ट काही गच्ची फोडून वर जात नाही. तसंच चिपच्या इनपुट पिनवरचा कॉमन मोडही एका ठरावीक रेंजमधेच असावा लागतो, तीच तिची जमीन आणि छत.

फुली डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरमधे आउटपुटही दोन असतात, तो बहुतेक वेळा एडीसीच्या (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधी बसवतात. त्याला व्हीओसीएम नावाची एक पिन असते, तिच्यावर २.५ व्होल्ट दिले की दोन्ही आउटपुटची सरासरी २.५ राहते. आणि इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं आता इनपुटही २.५ वरच बसलं. नाही! ती पिन फक्त आउटपुटचं बघते. इनपुट पिनवर काय येणार हे बाहेरचे रेझिस्टर ठरवतात.

सिग्नल एकाच बाजूने येतोय, दुसरी बाजू ग्राउंडला आहे असं धरा. ग्राउंडकडच्या बाजूला एक रेझिस्टर ग्राउंडला, दुसरा आउटपुटला आणि मधे इनपुट पिन, म्हणजे शाळेतला साधा व्होल्टेज डिव्हायडर. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो, १० असेल तर पिनवर त्या आउटपुटचा अकरावा भाग येतो, २.५ भागिले ११, जेमतेम ०.२३ व्होल्ट. आता सिग्नल ±०.२ व्होल्ट हलला की आउटपुटमधला फरक ±२ होतो, तो दोघांत निम्मा निम्मा वाटला जातो, म्हणून ते आउटपुट १.५ ते ३.५ मधे हलतं आणि पिन ०.१४ ते ०.३२ मधे. दुसरी पिन? फीडबॅक दोन्ही पिना एकाच व्होल्टेजला धरून ठेवतो, त्यामुळे तीही तेवढीच हलते. म्हणजे ज्याला आपण स्थिर समजत होतो तो कॉमन मोड सिग्नलबरोबर नाचतोय.

एडी८१३८ सारखी जुनी चिप ५ व्होल्टच्या एकाच सप्लायवर साधारण ०.३ ते ३.२ व्होल्ट एवढीच इनपुट रेंज देते. आपली पिन बहुतेक वेळ त्याच्या खालीच. मग डिस्टॉर्शन, म्हणजे बिघडलेला वेव्ह, दिसतं आणि माणूस केबल बदलत बसतो.

ही मर्यादा येते कुठून ते मला सगळ्यात आवडतं. इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टरची जोडी आहे असं समजा. ट्रान्झिस्टरला तीन पाय, इथे बेस म्हणजे इनपुट पिन, एमिटर वर करंट सोर्सकडे (ठरावीक करंट देणाऱ्या भागाकडे) आणि कलेक्टर खाली. एमिटर बेसपेक्षा ०.७ व्होल्ट वर असतो, त्याच्याही वर करंट सोर्सला श्वास घ्यायला अर्धाएक व्होल्ट लागतो, म्हणून वरच्या रेलच्या, म्हणजे सप्लायच्या वरच्या टोकाच्या, सव्वाएक व्होल्ट खालीच थांबायचं. खाली मात्र हेच ०.७ कामाला येतं. बेस शून्यावर असला तरी एमिटर ०.७ वर, त्यामुळे कलेक्टर ०.३-०.४ वर असला तरी ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होत नाही, म्हणजे नीट काम करत राहतो, बेस ग्राउंडच्या किंचित खाली गेला तरी चालतं. एडीए४९४० च्या डेटाशीटमधे रेंज खालच्या रेलच्या ०.२ व्होल्ट खालपासून वरच्या रेलच्या १.२ व्होल्ट खालपर्यंत दिलीय, ती या ढोबळ हिशोबात बरोबर बसते. एनपीएन (उलट्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची) जोडी असेल तर सगळं उलटं, ग्राउंडजवळ जाताच दम लागतो. रेलच्या बाहेर फारच गेलात तर संरक्षणाचे डायोड चालू होतात, मग फरकबिरक विसरा.

उपाय म्हणजे एकतर खालच्या रेलपर्यंत चालणारी चिप घ्या (टीएचएस४५५१ पण तशीच आहे), किंवा खालचा सप्लाय थोडा निगेटिव्ह करा, किंवा दोन्ही पिनांना सप्लायकडून एकेक रेझिस्टर लावून वर ओढा, पण त्याने नॉइज वाढतो आणि ते दोन रेझिस्टर नीट मॅच लागतात. डीसी नकोच असेल तर दोन्ही बाजूंना सिरीजमधे कपॅसिटर टाका, मग इनपुटच्या रेझिस्टरमधून डीसी करंटच जात नाही आणि पिना आपोआप व्हीओसीएमच्या २.५ वर जाऊन बसतात. सिम्युलेशनवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, काही मॉडेलमधे ही मर्यादा घातलेलीच नसते आणि स्क्रीनवर वेव्ह एकदम सुंदर दिसते.